बावीस सेकंद, नऊ फ्रेम

१

माझ्या सासऱ्यांना चूक दिसते. शोधावी लागत नाही, दिसतेच. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावरही औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचताना हात पेन्सिलीकडे जायचा. आमच्या लग्नाची पत्रिका त्यांनी तीनदा परत पाठवली होती, आणि छापून आल्यावर एकच चूक निघाली, ती त्यांच्या स्वतःच्या नावात. तो किस्सा सासूबाई येईल त्या पाहुण्याला सांगायच्या.

सासूबाई गेल्या त्याला आठ महिने झाले होते. नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले सात महिने पाण्यावर. घरात आम्ही दोघंच. मी मागच्या खोलीत माझ्या मशीनवर फिल्मचं एडिटिंग करत बसायची, आणि बाबा पुढच्या खोलीत बंद टीव्हीसमोर. टीव्ही लावू का विचारलं तर म्हणायचे, "नको, असाच बरा आहे."

म्हणून मी त्यांना काम दिलं.

काम सोपं होतं. मुलाखतींचं चित्रीकरण माझ्याकडे आलं की मी त्यावर टाइमकोड चढवते. म्हणजे चित्राच्या खाली एक काळी पट्टी आणि तिच्यावर पांढरे आकडे: तास, मिनिटं, सेकंद आणि शेवटी फ्रेम. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस चित्रं. अशी प्रत मी जुन्या लॅपटॉपवर टाकून द्यायची. बाबांनी इयरफोन लावून ऐकायचं, वहीत उतरवायचं, आणि समासात तो आकडा लिहायचा. मग मला नेमकं वाक्य दोन मिनिटांत सापडायचं.

बाबांना हे काम मानवलं. सकाळी दाढी, आंघोळ, दहाला टेबलावर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझी माणसं फार 'म्हणजे' म्हणतात. तेही लिहायचं?"

"सगळं लिहा बाबा. ऐकू येईल ते सगळं."

हे मी सांगितलं होतं. मीच.

२

त्या वेळी हातात होती ती फिल्म जुन्या टेलिफोन एक्स्चेंजवर. इमारत पाडणार होते, म्हणून तिथल्या सहा निवृत्त ऑपरेटर बायकांच्या आठवणी घेतल्या होत्या. सर्वांत म्हाताऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. ब्याऐंशी वर्षांच्या, ताठ कण्याच्या, हिरव्या सोफ्याच्या बरोबर मध्यभागी बसलेल्या. दीड तास बोलल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी बाबा माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तुझे आकडे अडखळतात."

"आकडे अडखळणार नाहीत बाबा. ते सॉफ्टवेअर मोजतं. एक चित्र, एक आकडा. चित्र पुढे सरकलं की आकडा सरकणारच."

"मग माझे डोळे गेले म्हण."

त्यांच्या डोळ्यांवर शंका घ्यायची माझी छाती नव्हती. मी पुढच्या खोलीत गेले. त्यांनी एक इयरफोन मला दिला, एक स्वतःला ठेवला आणि मागे नेऊन लावलं.

ताई रात्रपाळीबद्दल सांगत होत्या. "...आणि समोरचा माणूस बोलतच नसेल, तर आम्ही..." इथे आकडा थांबला. ०१:१४:२२:०९.

चित्र थांबलं नाही. ताई बोलायच्या थांबल्या. मान वळवून त्यांनी चौकटीबाहेर, उजवीकडे पाहिलं. दारातून कुणी आलं की आपण पाहतो तसं. मग दोन्ही हात गादीवर टेकवून त्या हळूहळू डावीकडे सरकल्या, अगदी सोफ्याच्या हाताला लागेपर्यंत. आणि म्हणाल्या, "थांबा, जोडून देते."

आकडा दहावर गेला. ताई सोफ्याच्या मध्यभागी होत्या. "...आम्ही दोनदा हॅलो म्हणायचो आणि लाइन कापायचो," त्यांनी वाक्य पुरं केलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा होता, जसा तो पत्रिकेतली चूक सापडली त्या दिवशी असणार.

३

मी मूळ फाइल उघडली. टाइमकोड न चढवता. ताई सलग बोलतात, तसूभरही हलत नाहीत, वाक्य तुटत नाही. टाइमकोडची पट्टी चढवली, की आकडा नवावर थांबतो आणि ताई सरकतात.

फाइल खराब झाली असेल, असं मी म्हटलं. दोन मुलाखती एकमेकींत घुसल्या असतील. एवढ्या वर्षांत कॉम्प्युटरने काय काय तमाशे केलेत ते मला माहीत आहे. तरी दिग्दर्शकाला फोन लावला. त्याला आम्ही सगळे घाईसाहेब म्हणतो, कारण तो फोनवर हॅलोच्या आधी 'बोल बोल' म्हणतो.

"बोल बोल."

"ताई मधेच सोफ्यावर सरकल्या होत्या का? आणि 'थांबा, जोडून देते' असं म्हणाल्या?"

"छे! हलू नका म्हणून मीच सांगितलं होतं. आणि असं वाक्य बोलल्या असत्या तर मी सोडलं असतं? फिल्मचं नावच ठेवलं असतं!" मग त्याचा आवाज उतरला. "तुला कळलं नसेल ना. ताई गेल्या. शूटिंगनंतर नवव्या दिवशी. झोपेतच."

मी नवी प्रत काढली. दुपारी चारला चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि ते तापेपर्यंत बाबांबरोबर ती जागा पाहायला बसले.

या वेळी आकडा थांबला तो थांबलाच. ताई सरकल्या. मोकळ्या झालेल्या जागेवरची गादी सावकाश खाली दबली. त्यावर काहीच नव्हतं. ताई त्या जागेकडे तोंड करून मान डोलवत होत्या, मधून 'हं' म्हणत होत्या, जसं फोनवर कुणाचं तरी लांबलचक बोलणं ऐकताना म्हणतात. बाबा भराभर लिहीत होते. मला तर खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. मला दूध आठवलं आणि मी इयरफोन काढून स्वयंपाकघरात धावले.

भांड्यात बोट बुडवलं. दूध फ्रिजमधून काढलं होतं तसंच गार होतं. खाली गॅस मोठा पेटलेला होता.

गॅस संपत आला असेल, असं मी मनाशी म्हटलं. ज्योत निळी आणि उंच होती, हे पाहूनही म्हटलं.

४

"बाबा, ही मुलाखत ठेवा बाजूला. अजून पाच आहेत."

"बरं," ते म्हणाले. एवढं पटकन त्यांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं.

आठवडा बरा गेला. मग एका मंगळवारी सकाळी ते बेसिनपाशी दाढी करताना मला दिसले. गालांवर फेस, आरशात पाहत नाक वर धरलेलं. दहा वाजता टेबलावर बसले. मी माझ्या खोलीत गेले. दहा वीसला एक शब्द विचारायला बाहेर आले.

त्यांच्या गालांवर पांढरी दाढी होती. खुंट नव्हे. चांगली आठवड्याभराची, हनुवटीखाली वळायला लागलेली.

"बाबा, तुम्ही आत्ता दाढी केली होती ना?"

त्यांनी गालावरून हात फिरवला आणि क्षणभर खरोखरच गोंधळले. "केली होती," म्हणाले. मग उठले, टेबलाचा आधार घेत स्वयंपाकघरात गेले, आणि उभ्या उभ्या अर्धा पाव, चार उकडलेली अंडी, तीन केळी खाल्ली. हा माणूस एका अंड्यातलं पिवळं बाजूला काढून ठेवणारा. पाणी घटाघटा प्यायले. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

टेबलावर त्यांची पेन्सिल पडली होती. आदल्या संध्याकाळी मी नवी आणून दिलेली. बोटाच्या पेराएवढी उरली होती.

डॉक्टरांना फोन करावा असं वाटलं. पण काय सांगणार? वीस मिनिटांत दाढी वाढली? मीच सकाळी नीट पाहिलं नसेल. फेस होता, वस्तरा फिरवलाच नसेल. म्हातारी माणसं विसरतात. पेन्सिलीचं काही मला जुळवता येईना, म्हणून मी ती कचऱ्यात टाकली.

५

ते आंघोळीला गेले तेव्हा मी वही उघडली.

आधीची पानं नेहमीसारखी होती. सुवाच्य अक्षर, समासात पुढे पुढे जाणारे आकडे. मग ०१:१४:२२:०९. पुढच्या ओळीला तोच. त्याच्या पुढच्या ओळीलाही. मी पान उलटलं, मग दहा पानं एकदम उलटली. शंभर पानी वही शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत भरली होती आणि प्रत्येक ओळीच्या समासात तोच आकडा होता. खाली आणखी एक वही होती. तीही भरत आली होती.

सुरुवातीला ताईंचं 'हं' आणि 'हो'. दुसऱ्या बोलणाऱ्याला बाबांनी नाव दिलं नव्हतं, नुसती आडवी रेघ ओढली होती. रेघेपुढचं बरंचसं मला लागलं नाही. वाक्यं होती, शब्द ओळखीचे होते, पण वाचून झाल्यावर हाताला काही लागायचं नाही. मग मधूनच रेघेपुढे प्रश्न येऊ लागले होते. आणि एका पानावर तिसरा बोलणारा आला होता. 'मी'.

— घरात आणखी कोण?

मी: सून.

— ती काय करते?

मी: शाळेत शिकवते. सकाळी सातला जाते, संध्याकाळी येते.

— कुठल्या खोलीत बसते?

मी: पुढच्या.

— दाराकडे पाठ करून?

मी: नाही. तोंड करून.

मला आधी रागच आला. माझी चौकशी चालली होती आणि ते सांगत बसले होते. मग लक्षात आलं की यातलं काहीच बरोबर नाही. मी शाळेत शिकवत नाही. मी मागच्या खोलीत बसते आणि माझी पाठ दाराकडे असते. बाबांना भ्रम व्हायला लागला की काय, असं वाटलं.

दुसऱ्या वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर रेघेपुढे एवढंच होतं:

— चूक. पुन्हा सांगा.

मी मान वर केली. दाराकडे माझी पाठ होती. मी खुर्ची फिरवून घेतली. न्हाणीघरात पाणी पडण्याचा आवाज कधीचा थांबला होता.

६

बाबा ओल्या केसांनी दारात उभे होते.

"वाचलंस?"

"हे काय आहे बाबा?"

"मला माहीत नाही." ते समोर बसले. "ऐकू येतं ते लिहितो. तूच म्हणालीस सगळं लिहा."

"तुम्ही उत्तरं देताय!"

"पहिल्यांदा विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं. एकटा माणूस, कुणी विचारलं की बोलतो. फक्त घरात सून आहे, एवढंच खरं बोललो." त्यांनी डोळे मिटून घेतले. "त्यानंतर ते तुझ्याबद्दलच विचारतात."

"ते म्हणजे कोण?"

"गादी दबते तेवढं दिसतं. बाकी नाही दिसत. बरं आहे."

मी लॅपटॉप ओढून घेतला. "मी हे पुसून टाकते. आत्ताच्या आत्ता."

"पुसून काय होणार? विचारणं थांबेल? मला ऐकू येईनासं होईल, बस्स." हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, जसं कानामात्रा राहिलीये असं सांगावं. "मी तिथे असतो तोवर ते मला विचारतात. मी उत्तर देतो तोवर दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत. म्हणून मी खोटं सांगतो. खोली खोटी, वेळ खोटी, काम खोटं. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या सूनबाई, आता सुचतील तेवढ्या घालतोय." ते थोडं हसले. मग हसू गेलं. "पण आता त्यांना चुका दिसायला लागल्यात."

त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. मी त्यांचा हात धरला. सासरे-सुनेत असं हात धरणं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"पुन्हा त्या मुलाखतीला हात लावणार नाही म्हणा."

"बरं," ते म्हणाले.

मी लॅपटॉपवरची प्रत पुसली. माझ्या मशीनवर टाइमकोडची पट्टी काढून टाकली. दोन्ही वह्या कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. नवऱ्याला निरोप धाडला की जमेल तितक्या लवकर घरी फोन कर.

७

दोन दिवस बाबा अंथरुणात पडून होते. दाढी केली, भातपाणी नीट घेतलं, चेहऱ्यावर थोडा रंग आला. तिसऱ्या दिवशी घाईसाहेबांना फिल्मची पहिली जोडणी नेऊन द्यायची होती. ताईंचं फक्त सुरुवातीचं बोलणं मी ठेवलं होतं.

"तासाभरात येते बाबा. पडून राहा."

"सावकाश ये," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

मी साडेदहाला निघाले आणि सव्वाअकराला परत आले. जिन्यात शेजारीणबाई पायऱ्या पुसत होत्या. तासभर तिथेच होत्या, असं त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं. आमच्या दारातून कुणी बाहेर पडलं नव्हतं. मी किल्लीने दार उघडलं. बाबांच्या चपला दाराशी, काठी कोपऱ्यात. पलंगावरची चादर नीट घडी घालून ठेवलेली.

मागच्या खोलीत माझं मशीन चालू होतं.

त्यांना त्यातलं काही येत नाही असं मी धरून चालले होते. पण पट्टी कुठे चढवतात ते मी एकदा हौसेनं दाखवलं होतं, आणि त्या माणसाने पाहिलेलं वाया जात नसे. पडद्यावर हिरवा सोफा होता. खाली ०१:१४:२२:०९. आकडा हलत नव्हता. इयरफोन टेबलावर पडले होते आणि त्यांतून बारीक आवाज येत होता.

मी खुर्ची ओढून बसले आणि ते कानाला लावले.

ताई डाव्या कडेला, अंग चोरून बसल्या होत्या. मधली गादी दबलेली होती. आणि चौकटीच्या उजव्या कडेला, अर्धा कापला गेलेला, एक गुडघा दिसत होता. राखाडी पँट, तिच्यावर टेकवलेला हात, कोपराकडे घसरलेलं घड्याळ. त्यापलीकडे कॅमेऱ्याची चौकट संपत होती.

जुन्या फोनच्या खरखरीत कधी कधी शब्द जमतात, तसा तो आवाज होता.

"सून कुठे आहे?"

"घरात नाही," बाबा म्हणाले. आवाज थकलेला होता, पण स्पष्ट.

"खुर्ची ओढल्याचा आवाज आला."

 मी श्वास धरून ठेवला. माझ्या हातातली पर्ससुद्धा मी खाली ठेवली नाही. ताईंनी तेव्हा पहिल्यांदाच मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी किंचित, नाही अशी मान हलवली. दबलेली गादी सावकाश वर येऊ लागली. काहीतरी उठत होतं.

गुडघ्यावरचा हात पुढे आला. दबलेल्या जागेवर, जणू कुणाच्या तरी मनगटावर, घट्ट बसला.

"मीच ओढली," बाबा म्हणाले. "चला. मी येतो."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बाबा म्हणूनच ओरडले असेन. आकडा दहावर गेला. ताई सोफ्याच्या मध्यभागी होत्या. "...आम्ही दोनदा हॅलो म्हणायचो आणि लाइन कापायचो," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

८

नवरा सहाव्या दिवशी पोचला. पोलीस येऊन गेले होते. काठी, चपला, चष्मा घरात ठेवून चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस किती लांब जाईल, असं ते म्हणत होते. त्यांनी नदी पाहिली, स्टेशन पाहिलं, इस्पितळं पाहिली. दुःखाने माणूस भटकतो, असं एका अधिकाऱ्याने मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली. वह्या मी त्यांना दिल्या नाहीत.

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "दाखव."

मी ताईंची मुलाखत उघडली, पट्टी चढवली आणि चालू केलं. तो माझ्या शेजारी बसला. बाविसाव्या सेकंदाला मी त्याचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. काहीच झालं नाही. ताई बोलत राहिल्या. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. नवी प्रत काढली, जुन्या लॅपटॉपवर टाकून पाहिली. काही नाही. रात्री स्वयंपाकघरात तो भांडी घासायला उभा असलेला मला दिसला. नळ वाहत होता आणि त्याच्या हातात भांडं नव्हतं.

त्याने माझं म्हणणं खोटं पाडलं नाही, खरंही मानलं नाही. जहाजावर परत जायचं त्याने पुढे ढकललं.

एक्स्चेंजची फिल्म पुरी झाली, दाखवली गेली, लोकांना आवडली. ती मुलाखत पुसायला आता काही हरकत नाही, असं घाईसाहेबही म्हणाला. मी रोज सकाळी दहाला ती उघडते. ते ठिकाण येण्याआधी थोडं मागून लावते. उभी राहून बघते. खोलीतला पंखा बंद करते, बांगड्या काढून ठेवते, चप्पल घालत नाही.

"बसून तरी बघ," काल नवरा दारातून म्हणाला. "पाय दुखतील तुझे."

मी ओठांवर बोट ठेवलं. तो माझ्यासारखाच पावलांचा आवाज न करता आत येऊन भिंतीशी उभा राहिला. ताई सांगत होत्या, समोरचा माणूस बोलतच नसेल तर. आम्ही दोघं खालच्या पट्टीकडे पाहत होतो.

आकडा आठवरून नवावर गेला. नवावरून दहावर गेला.